नीलमोहोरचा हेलकावा

केतकीला आधी वाटलं, कॅमेऱ्याचा स्टँडच हलतोय.

येऊरच्या उतारावर एका जुन्या बंगल्याच्या गच्चीत तिचा कॅमेरा वर्षभर ठाण्याकडे तोंड करून बसला होता. समोर घोडबंदर रस्त्यापासून खाडीपर्यंत उंच इमारतींची रांगच रांग. बांधकाम व्यावसायिकांच्या एका संघटनेने तिला फिल्मचं काम दिलं होतं. वर्षभराचं शहर पाच-सात मिनिटांत दाखवायचं. ऊन डोंगरावरून उतरतंय, क्रेन गरागरा फिरतायत, मजल्यांवर मजले चढतायत, खिडक्या पटापट उजळतायत. त्यासाठी कॅमेरा दिवसभर फ्रेममागून फ्रेम टिपत राहायचा. शिवाय रोज सकाळी ती खाडीच्या कडेने ड्रोन उडवायची, रोज त्याच वाटेने आणि त्याच उंचीवरून, म्हणजे पुढे एका फेरीत सगळे ऋतू जोडता येतील.

अशा कामात थरथर म्हणजे शाप. वाऱ्याने कॅमेरा केसभर हलला तरी टाइमलॅप्समध्ये अख्खं शहर भुताने झपाटल्यासारखं नाचतं. ती थरथर काढायला केतकी एक नवं सॉफ्टवेअर वापरत होती. डोंगराची कड, पाण्याच्या टाक्या, पुलाचे खांब असल्या जागच्या न हलणाऱ्या वस्तू ते धरून ठेवायचं आणि बाकीचं चित्र त्यांच्यावर बसवायचं. दिवाळीनंतर तिने सगळ्या फ्रेम्स त्यातून काढल्या. शहर गप्प उभं राहिलं. फक्त एक इमारत राहिली नाही.

खाडीच्या अगदी काठाला असलेली, अरुंद, उंच, निळ्या काचांची नीलमोहोर.

तिने स्टँड तपासला, लेन्स बदलली, मग ड्रोनची चित्रं लावून बघितली. ड्रोन उलट्या बाजूने, खाडीवरून बघत होता. त्याच्याही चित्रात बाकी सगळ्या इमारती स्थिर होत्या आणि नीलमोहोरची कड पाण्यातल्या काठीसारखी थरथरत होती.

एकतिसाव्या मजल्यावर तिची नणंद राहत होती.

सॉफ्टवेअर पुण्याच्या डॉ. समीना काझी यांनी बनवलेलं. केतकीने त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि सरळ तक्रार केली, "मॅडम, तुमच्या प्रोग्राममध्ये काहीतरी बिघाड आहे."

डॉ. काझींनी दोन्ही चित्रं मागवून घेतली. मग म्हणाल्या, "बिघाड आहे, पण माझ्या प्रोग्राममध्ये नाही. केतकी, शाळेत बाकाच्या कडेला पट्टी दाबून धरून टिचकी मारायचीस?"

"मारायची की."

"पट्टी थरथरते. आखूड धरली तर भराभर, लांब धरली तर सावकाश. उंच इमारतही तशीच. जमिनीने तिला खालून धरलेलं असतं आणि वारा वरून टिचक्या मारत असतो. प्रत्येक इमारत आपापल्या तालात डोलते. डोळ्याला दिसत नाही, कारण साध्या वाऱ्यात ती बोटाच्या पेराएवढीही हलत नाही आणि तू तिच्यापासून कोसभर लांब आहेस. कॅमेऱ्यातसुद्धा हे हलणं एका ठिपक्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढं असतं. पण कडेला असे हजारो ठिपके असतात. इमारत डोलली की त्या प्रत्येकाचा उजेड कणभर वाढतो, कणभर घटतो. एकट्या ठिपक्याकडे बघून काही कळणार नाही. हजारोंना एकदम विचारलं तर ते खरं सांगतात. माझा प्रोग्राम ही थरथर शोधतो आणि पुसून टाकतो. तू आता पुसू नकोस. हजारपट वाढव."

केतकीने वाढवली. आणि पडद्यावर ठाणं डोलायला लागलं.

वाऱ्यावर भाताचं शेत डोलावं तशा चाळीस-चाळीस मजली इमारती लवत होत्या, सावरत होत्या. जाड इमारती घाईघाईत, उंच इमारती सावकाश. कोणालाही त्याचं सुखदुःख नव्हतं. बाल्कनीत कपडे वाळत होते. केतकीला हसू आलं. मग तिची नजर काठावरच्या निळ्या रेघेवर गेली. नीलमोहोर तिच्याएवढ्याच उंच शेजारणींच्या मागे पडत होती. त्या जाऊन परत यायच्या, तेव्हा ही अजून तिकडेच असायची.

"आता वर्षाच्या सुरुवातीच्या फ्रेम्स लाव," डॉ. काझी म्हणाल्या.

सुरुवातीला नीलमोहोर शेजारणींच्या बरोबरीने डोलत होती. गणपतीपर्यंत तसंच. त्यानंतर मात्र दर महिन्याला तिचा ताल मंदावत गेला होता.

"इमारत खिळखिळी झालीय?"

"पट्टी तीच आहे गं. दाबून धरणारा हात सैल झालाय. म्हणजे पायाखालची जमीन." डॉ. काझींनी चष्मा काढला. "शेजारी कुठे खोल खोदकाम चाललंय का?"

नीलमोहोरच्या कुंपणाला लागूनच पाच तळघरांचा प्रचंड खड्डा खणला जात होता, आणि त्या साइटचा प्रमुख होता कल्पेश भोईर. तिचा नवरा.

कल्पेशने जेवतानाच ती डोलणाऱ्या इमारतींची फिल्म पाहिली. पाहून झाल्यावर टॅबलेट उलटा ठेवला आणि पुन्हा भात कालवायला लागला.

"काही बोलशील?" केतकी म्हणाली.

"काय बोलू? तू हजारपट वाढवून दाखवलंस तर आपला पोळपाटसुद्धा डोलेल."

"मग बाकीच्या इमारती बरोबर कशा?"

"केतकी, माझ्या खड्ड्याच्या भिंतीत सेन्सर आहेत. रोज सकाळी त्यांचे आकडे बघून मी पोरांना खाली उतरवतो. भिंत सुतभरही सरकलेली नाही. लांबून फोटो काढून जमिनीखालचं कळतं होय?"

"सेन्सर तुझ्या भिंतीत आहेत. नीलमोहोरच्या खाली कुठे आहेत?"

कल्पेश रागीट नव्हता. राग आला की त्याचा आवाज उलट खाली जायचा. "तिथे माझी बहीण राहते," तो म्हणाला. "तो फ्लॅट घ्यायला मीच सांगितलं तिला. पाया मी स्वतः बघून आलो होतो. मी काय ताईच्या जिवावर उठलोय?"

"तसं कुठे म्हणतेय मी?"

"मग हे कोणाला दाखवू नकोस. मी बघतो काय ते. थोडा वेळ दे."

केतकीने वेळ दिला. कल्पेश साइटवर जात राहिला, पंप चालू राहिले. आकडे काय म्हणतात असं विचारलं की तो "बघतोय" एवढंच म्हणायचा. ती रोज कॅमेऱ्यातलं चित्र काढून वाढवून बघायची. ताल आणखी मंदावत होता. शेवटी एका रविवारी सकाळी ती नवऱ्याला न सांगता नणंदेकडे गेली.

वंदनाताई शाळेच्या मुख्याध्यापिका आणि नीलमोहोर सोसायटीच्या अध्यक्षा. नवऱ्यामागे एकटीने संसार उभा केलेली बाई. केतकी पोचली तेव्हा शेजारचे पेडणेकर तिथेच चहा घेत होते. जन्मभर मालवाहू बोटींवर चीफ इंजिनिअर म्हणून काढलेले हे गृहस्थ, पांढरीशुभ्र दाढी, दणदणीत आवाज.

"या, ड्रोनवाल्या मॅडम!" ते म्हणाले. "आमच्या खिडकीत डोकावत जाऊ नका हं."

केतकी कसनुशी हसली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. पेडणेकर उठता उठता म्हणाले, "काहीही म्हणा अध्यक्षीणबाई, पण ही जागा मला लाभली. जमिनीवर आल्यापासून झोप नव्हती. दिवाळीपासून बघा, गादीवर पडलं की बोटीवर असल्यासारखी छान झोप लागते. कोणी हळूहळू झोका देतंय असं वाटतं."

ते गेले. केतकीने दार लावून घेतलं. तिने टॅबलेट काढला.

वंदनाताईंनी फिल्म दोनदा पाहिली. पहिला प्रश्न त्यांनी इमारतीबद्दल विचारला नाही. "कल्पेशला माहीत आहे?"

"दाखवलंय."

"तो काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

"आणि तरी तू माझ्याकडे आलीस." ताईंनी फोन उचलून भावाला लावला आणि आवाज मोठा केला. "कल्पेश, केतकी इथे बसलीये. तिने मला काहीतरी दाखवलंय. एकविरा आईची शपथ घालते तुला. खरं सांग. मला इथून हलायला हवं का?"

पलीकडे पंपांची घरघर ऐकू येत होती. रविवारीही तो साइटवरच होता.

"नाही ताई," तो म्हणाला. "तू निवांत राहा."

ताईंनी फोन ठेवला. "ऐकलंस? तीनशे बिऱ्हाडं आहेत इथे. कोणाची म्हातारी माणसं, कोणाची लेकरं. फोटोवरून त्यांना घराबाहेर काढू? आणि ते काय म्हणतील, अध्यक्षीणबाईंच्या भावानेच खड्डा खणलाय?" त्यांनी टॅबलेट केतकीकडे सरकवला. "तू जा आता. मला विचार करू दे."

संध्याकाळी घरी आल्यावर कल्पेशने नुसतं विचारलं, "मला न विचारता गेलीस?" ती म्हणाली, "शपथेवर खोटं बोललास?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बाहेर आली, तर कल्पेश तिच्या टेबलाशी बसला होता. पडद्यावर नीलमोहोर डोलत होती. तो महिन्यामागून महिने पुढे-मागे करत होता.

"इथे," तो म्हणाला. "गणपतीच्या आधी इथपर्यंत ठीक आहे. मग इथून एकदम मंदावते. याच आठवड्यात आम्ही खालचे पंप लावले. खड्ड्यात पाणी फार येत होतं. खाडीचा चिखल ना. आम्हाला वाटलं, पावसाचं पाणी आहे, उपसून टाकू." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "पावसाचं नव्हतं. शेजारून येत होतं. नीलमोहोरच्या खालून. स्पंज पिळावा तशी मी त्यांची जमीन पिळतोय, केतकी. भिंत सरकत नाही कारण भिंत खडकात रोवलीय. खालून चिखल बसतोय, तो माझ्या सेन्सरना दिसणारच नाही."

"काल ताईला..."

"काल मला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं." तो उठला. "पंप बंद करायला सांगतो साहेबांना."

त्याच दुपारी हवामान खात्याचा इशारा आला. अरबी समुद्रातलं वादळ ओमानकडे न जाता उत्तरेला वळलं होतं. मुंबई-ठाण्याच्या जवळून जाणार होतं, बुधवारी दुपारच्या सुमारास.

डॉ. काझींनी स्वतः फोन केला. त्यांच्या बोलण्यात आता मिश्किलपणा नव्हता.

"झाडाला टांगलेल्या झोपाळ्यासारखं आहे हे. झोपाळ्याला कधीही ढकललं तर फारसं काही होत नाही. त्याच्या तालात ढकललं, की लहान पोरसुद्धा मोठ्या माणसाला उंच नेतं. उंच इमारतीला वळसा घालताना वारा सरळ जात नाही. एकदा डावीकडून भोवरा सोडतो, एकदा उजवीकडून. डावा धक्का, उजवा धक्का. वारा जेवढा जोरात, तेवढे धक्के भरभर. धक्क्यांचा ताल आणि इमारतीचा ताल जुळला, की झोका वाढत जातो. इमारत बांधताना हे बघितलेलं असतं. नीलमोहोरचा मूळ ताल जुळायला जो वारा लागतो, तो या किनाऱ्यावर कधी वाहतच नाही. पण ताल मंदावला की कमी वारा पुरतो. मी हिशेब केलाय. आता ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास."

"बुधवारी किती आहे?"

"शंभरच्या आसपास," डॉ. काझी म्हणाल्या. "पडेलच असं मी म्हणत नाही. पडणार नाही असं म्हणायला मी तयार नाही. तुला लिहून हवं असेल तर एवढंच लिहून देते, माझ्या सहीने."

त्या एका वाक्यावर पुढचे दोन दिवस गेले. महापालिकेच्या आपत्ती कक्षातल्या अधिकाऱ्याने ते वाचलं, फिल्म पाहिली आणि कपाळ चोळलं. सक्तीने इमारत रिकामी करायला नुकसान दिसावं लागतं, तडा दिसावा लागतो. इथे तर रंगही उडालेला नव्हता. मात्र वादळापुरतं सुरक्षित जागी जावं, अशी सूचना तो काढू शकत होता. त्याने ती काढली, शेजारच्या दोन इमारतींनाही दिली. बाकी सोसायटीने ठरवायचं.

वंदनाताईंनी ठरवलं. कल्पेश स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी चुकलो. निघ तू." बस्स एवढंच. त्यांनी भावाकडे बघितलं, त्याला आत ये म्हटलं नाही, आणि पायात चपला सरकवून वरच्या मजल्यापासून एकेक घंटी वाजवायला सुरुवात केली. लोक कुरकुरले, भांडले, विमा कोण देणार म्हणाले. पण मुख्याध्यापिकेच्या आवाजापुढे फार कोणाचं चाललं नाही. बुधवारी सकाळी पाऊस उभा-आडवा सुरू झाला, तेव्हा माणसं कुत्री-मांजरं आणि देवघरातले देव घेऊन शाळेच्या सभागृहाकडे जात होती.

कल्पेशचे साहेब मात्र हलले नाहीत. पंप बंद केले तर खड्ड्यात पाणी भरेल, यंत्रं बुडतील, काम वर्षभर मागे जाईल. वादळ जाऊ दे, मग तज्ज्ञ बोलवू.

"पंप बंद करून तरी भागेल का?" केतकीने साइटच्या फाटकाशी विचारलं. वाऱ्याने तिची ओढणी तोंडावर आपटत होती.

"नाही. पाणी सावकाश येईल, तेवढा वेळ नाही. खड्डा रिकामा आहे म्हणून नीलमोहोरखालचा चिखल इकडे ढकलला जातोय. इकडून दाब मिळाला तर थांबेल." त्याने खड्ड्यापलीकडच्या नाल्याकडे बोट दाखवलं. खाडीला मिळणारा तो नाला फळ्यांच्या दाराने अडवलेला होता. "भरती लागलीये. फळ्या काढल्या की खाडी आत येईल."

"साहेब?"

"साहेबांना नंतर सांगतो," कल्पेश म्हणाला. आणि तिच्याकडे बघत, कितीतरी दिवसांनी बघत, म्हणाला, "तू तिच्यावर डोळा ठेव. मला सांगत राहा."

केतकीने समोरच्या पार्किंगच्या इमारतीत जागा धरली. नीलमोहोर कोसळली तरी पोचणार नाही इतकी ती लांब होती, निदान तिने तसा अंदाज केला होता. पावसाने येऊरचा कॅमेरा आंधळा झालेला. आता भिस्त ड्रोनवर. असल्या वाऱ्यात ड्रोन उडवणं म्हणजे तो गमावणंच, पण तिने आडोशाच्या बाजूने तो वर चढवला. टॅबलेटवर नीलमोहोरच्या वरच्या टोकाची एक रेघ उमटायला लागली. इमारत डावीकडे गेली की रेघ वर, उजवीकडे गेली की खाली.

"पाणी येतंय," कानात कल्पेशचा आवाज आला. मागे प्रचंड धो-धो. "सगळ्या पोरांना बाहेर काढलंय. तुझ्याकडे काय?"

"वाढतोय झोका. सावकाश."

वाढवून बघायची गरज उरली नव्हती. तिने टॅबलेटवरून मान वर केली आणि तिला नुसत्या डोळ्यांनी दिसलं. ती निळी इमारत ढगांवर एकीकडे कलली, थांबली, आणि मग जड अंगाने परत आली. काचांतून कुरकुर ऐकू येत होती, जुन्या होडीच्या फळ्या कुरकुरतात तशी.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून एक शिक्षिका बोलत होती. "वंदना मॅडम तुमच्याकडे आहेत का? सगळ्यांची मोजणी झाली. पेडणेकरकाका नाहीत म्हणून मॅडम परत गेल्यात, मघाशीच."

केतकीने ड्रोन वळवला. वाऱ्याने तो भिरकावला, सावरला, पुन्हा भिरकावला. एकतिसावा मजला. पेडणेकरांच्या बाल्कनीचं दार सताड उघडं, पडदे बाहेर फडफडतायत. आत खुर्चीत पेडणेकर बसलेले, हाताने खुर्चीचा दांडा धरून. समोर वंदनाताई, भिजलेल्या, हातवारे करत.

लोकांना सूचना देण्यासाठी ड्रोनवर भोंगा होता. केतकी त्यात ओरडली, "ताई! आत्ताच्या आत्ता निघा! पेडणेकरकाका, हे हलणं वाढतंय!"

पेडणेकर बाल्कनीकडे बघून गरजले. शब्द ऐकू आले नाहीत, पण अर्थ कळला. यापेक्षा मोठी वादळं मी बघितलीयत.

"काका, तुमची बोट हलायची तेव्हा खाली पाणी होतं!" केतकी ओरडली. "ही बुडाशी सुटतेय! तुम्ही इंजिनिअर आहात. मोजा ना! झोका जाऊन यायला किती वेळ लागतो, मोजा!"

म्हाताऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. वरच्या दिव्याकडे बघितलं, जो छतापासून तिरका लोंबत होता आणि परत येत होता. एक झोका. दुसरा. केतकीला त्यांचा चेहरा बदलताना दिसला. ते उठले आणि स्वतःच ताईंचा दंड धरून दाराकडे निघाले. त्याच क्षणी वाऱ्याने ड्रोन उचलला आणि कशावर तरी आपटला. चित्र गेलं.

आता ती काहीच करू शकत नव्हती. लिफ्ट बंद होत्या. एकतीस मजले जिना, साठीची बाई आणि सत्तरीचा माणूस. कल्पेशला सांगावं की नाही, हे तिला कळेना.

"केतकी? काय चाललंय?"

"ताई आत आहे," ती म्हणाली.

पलीकडून कल्पेश म्हणाला, "उरलेल्या फळ्या काढतो." त्या काढायला दारावर चढावं लागणार होतं, हे तिला माहीत होतं. तिने अडवलं नाही.

नीलमोहोर कलत होती, परत येत होती. प्रत्येक वेळी केतकी श्वास धरून बसे आणि ती परत आली की सोडे. वरच्या मजल्यांच्या काचा सुटून खाली यायला लागल्या. एक झोका असा आला, की इमारत जिथपर्यंत जात होती त्याच्या पुढे गेली आणि तिथेच राहिली. केतकीने डोळे मिटले नाहीत. मनात फक्त एवढंच आलं, की आता जे होईल ते बघणारी मी एकटीच आहे.

मग ती परत आली.

पुढचा झोका त्याहून लहान होता. त्याच्या पुढचा आणखी लहान. वाऱ्याने दिशा बदलली होती, पाऊस आता पाठीमागून येत होता. खड्ड्यात खाडीचं करडं पाणी दोन मजले चढलं होतं. दोन्हींपैकी कशाने इमारत सावरली, की दोन्हींनी, की कशानेच नाही, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. नीलमोहोरच्या फाटकातून दोन माणसं एकमेकांना धरून बाहेर येत होती, आणि नाल्याच्या बाजूने कमरेपर्यंत चिखलाने माखलेला कल्पेश त्यांच्याकडे पळत होता. ताईंनी त्याला एक जोरात थोबाडीत मारली. मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकवून त्या उभ्या राहिल्या.

नीलमोहोर आजही उभी आहे. वीतभर कललेली, पायथ्याला तडे, आणि रिकामी. खड्ड्याचं तळं झालंय. त्यात बगळे येतात.

चौकशी समितीने आठ महिने घेतले. निष्कर्ष असा, की जमीन खचली होती हे खरं, मात्र त्या दिवशी इमारत कोसळलीच असती असं निश्चित म्हणता येत नाही. हे वाक्य सोसायटीच्या सभेत वाचून दाखवलं गेलं आणि सभागृहात गदारोळ उठला. लोक भाड्याच्या खोल्यांत, नातेवाइकांच्या हॉलमध्ये राहत होते. वंदनाताई भावाकडे राहत होत्या. कल्पेशची नोकरी गेली होती आणि साइट बुडवल्याचा खटला त्याच्यावर चालू होता. फिल्मचं काम केतकीच्या हातून केव्हाच गेलेलं.

सर्वांत मोठा आवाज पेडणेकरांचा होता.

"एकच प्रश्न विचारतो," ते उभे राहून म्हणाले. "पडली असती की नसती? हो की नाही?"

केतकीने या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला होता. हो म्हटलं असतं तर तिला, तिच्या नवऱ्याला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असतं. शिवाय तिच्या डोळ्यांसमोर तो झोका होता, गेलेला आणि परत यायला तयार नसलेला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही! तीनशे घरं उठवलीत आणि माहीत नाही! आयुष्याची पुंजी घातली होती मी तिथे. मरेपर्यंत राहणार होतो. ते तुमच्या एका फोटोपायी गेलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वंदनाताई काहीतरी बोलायला उठल्या, पण आज त्यांचाही आवाज पोचला नाही. कल्पेश मान खाली घालून बसला होता. केतकीने त्याचा हात धरला. तो हात त्याने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. त्या रविवारी ती त्याला न सांगता गेली होती, तो शपथेवर खोटं बोलला होता. दोघांनी एकमेकांना माफ केलं होतं, आणि तरी ते दोघांच्या मध्ये कुठेतरी उभंच होतं, नीलमोहोरसारखं.

सभा मोडली. ती जिना उतरत होती, तेव्हा मागून कोणीतरी सावकाश, एकेक पायरी धरत येत होतं. पेडणेकर. ती बाजूला झाली. ते पुढे गेले नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले. तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "माझी मुलगी कळव्याला राहते. जावई, दोन नातवंडं. नवीन टॉवर आहे. बाजूला काहीतरी खणायला घेतलंय."

केतकीने वर, सभागृहाच्या दाराकडे पाहिलं.

"तुमचा तो कॅमेरा," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "एकदा तिकडे लावून बघाल का?"

"बघेन," ती म्हणाली. "पण काका, जे दिसेल ते तुम्हाला सांगेन. मग तुम्हाला ठरवावं लागेल. आणि मी तेव्हाही हेच म्हणेन, पडेल की नाही ते मला माहीत नाही."

म्हातारा कठड्याला टेकला. वरून लोकांचे आवाज येत होते, अजून भांडत असलेले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, फोनवर पत्ता शोधला, आणि वर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिला वाचून दाखवला.